लाकडी युद्धविमानांचे सांधे

१ ऑगस्ट १९४३, रविवार. अमेरिकेतील सेंट लुई शहराच्या विमानतळावर नवे लष्करी ग्लायडर पाहायला हजारो लोक जमले होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि वरून कापड अशा बांधणीचे ते वाको सीजी-४ए ग्लायडर त्याच शहरात तयार झाले होते. महापौर विल्यम डी बेकर स्वतः आत बसले. ओढून नेणाऱ्या विमानाचा दोर सुटला आणि काही क्षणांतच ग्लायडरचा एक पंख निखळला. आतले दहाही जण जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत गेले. चौकशीत दोष पंखाच्या लाकडात सापडला नाही. पंखाला खालून तोलून धरणाऱ्या टेकूच्या टोकाशी एक पोलादी जोडतुकडा असतो. आतून कोरताना त्याची भिंत ठरल्यापेक्षा फार पातळ झाली होती आणि तपासणीत ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

लाकडी युद्धविमानांवर जे लिहिले जाते त्यात वेग, पराक्रम आणि ‘लाकूड असूनही’ हा कौतुकाचा सूर असतो. मला हा इतिहास सांध्यांच्या बाजूने वाचावासा वाटतो. दोन महायुद्धांतल्या लाकडी विमानांचे यशापयश पाहिले तर लाकूड स्वतःहून मोडल्याची उदाहरणे थोडी आहेत. लाकूड लाकडाला कसे चिकटवले आणि लाकडातला जोर धातूत कसा उतरवला, या दोन प्रश्नांवर बहुतेक विमाने तगली किंवा पडली.

आधी लाकडाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण ते नाइलाज म्हणून वापरले गेले हा समज अर्धाच खरा आहे. विमानासाठी सर्वांत नावाजलेले लाकूड म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सिटका स्प्रूस. त्याच्या एका घनमीटरचे वजन साधारण ४०० ते ४५० किलो भरते. विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे २,८०० किलोच्या आसपास आणि पोलादाचे ७,८०० किलो. पण वजनाच्या मानाने ताठपणा किती, असा हिशेब मांडला तर स्प्रूस, ॲल्युमिनियम आणि पोलाद तिन्ही जवळजवळ एका रांगेत येतात. शिवाय तेवढ्याच वजनात लाकडाची फळी कितीतरी जाड मिळते आणि जाड फळी दाबाखाली सहज पिचकत नाही. धातूचा पातळ पत्रा सुरकुततो आणि त्याला आतून पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो; लाकडी कवच तोच दाब पुष्कळदा स्वतःच्या जाडीवर पेलते. रिव्हेटची डोकी नसल्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, आणि वेगवान विमानात त्याला मोल असते.

ही ताकद मात्र एकाच दिशेची. तंतूंच्या लांबीने ओढले तर स्प्रूस दमदार. आडवे ओढले तर त्याच्या काही अंशांतच चिरते. म्हणून विमानाच्या लाकडाची निवड फार कडक असे. पंखाच्या मुख्य तुळईसाठी घेतलेल्या फळीत तंतू कडेशी तिरके जात असतील तर तो तिरकसपणा १५ इंचांत एक इंचाहून जास्त चालत नसे. गाठ, राळेची पोकळी, वाढीची फार रुंद वलये असलेली फळी बाजूला जाई. कापलेल्या लाकडाचा थोडाच भाग विमानापर्यंत पोचत असल्यामुळे पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ऑरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या जंगलांत केवळ स्प्रूस तोडण्यासाठी सैनिकांची वेगळी तुकडी उभी केली होती.

बोल्ट आणि तंतू

खरी अडचण पंख धडाला जोडताना सुरू होते. पंखावरचा सगळा भार शेवटी मूठभर बोल्टांतून जातो. बोल्टला ओढ बसली की तो भोकाच्या एका बाजूवर रेटतो. पोलादात त्याचे फारसे काही होत नाही. लाकडात त्या बाजूचे तंतू चिरडतात, भोक लांबट होते, बोल्ट खुळखुळू लागतो आणि पुढचा प्रत्येक हादरा ते भोक आणखी वाढवतो. ओढ तंतूंच्या दिशेने असेल तर बोल्ट आणि फळीचे टोक यांच्यामधला लाकडाचा तुकडाच सरकून बाहेर येतो. ओढ आडवी असेल तर फळी उभी फाटते. त्यात लाकूड पावसाळी हवेत आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. फुगले की नटाखालचे तंतू दबून मरतात; पुढे आकसले की तोच नट सैल पडतो. लाकडी विमानांच्या देखभालीत बोल्ट पुन्हा पुन्हा आवळण्याला इतके महत्त्व असे ते म्हणूनच.

यावरचे उपाय १९१४ ते १९१८ या काळात सुतार, लोहार आणि अभियंते यांनी मिळून घडवले आणि पुढची तीस वर्षे तेच, थोडे सुधारून, चालले. एका जाड बोल्टऐवजी लहान लहान बोल्ट, तेही एका रांगेत नाहीत, आळीपाळीने वरखाली; एका रांगेत घेतले तर त्याच रेषेवर फळी उकलते. लाकडाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्याच्या थाळ्या, म्हणजे भार पसरतो. थाळीखाली कठीण लाकडाचा किंवा प्लायवूडचा ठोकळा. नटाखाली मोठा रुंद वायसर. भोक आधी किंचित लहान पाडून मग नेमक्या मापाला आणायचे, त्याला आतून वार्निश द्यायचे आणि मग बोल्ट बसवायचा, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि गंजही धरत नाही.

त्या काळच्या पंखाची तुळई हातात घेतली तर हे सगळे ज्ञान तिच्या आकारातच दिसते. मधल्या भागात दोन्ही कुशींतून लाकूड कोरून काढून ती इंग्रजी आय अक्षरासारखी केलेली असते, कारण वाकताना जोर वरच्या आणि खालच्या कडांवर येतो, पोटातल्या लाकडाला काम कमी. पण जिथे टेकू किंवा तारेचा जोडतुकडा बसायचा तिथे कोरणे थांबते आणि तुळई भरीव राहते. बोल्टही शक्यतो तिच्या उंचीच्या मध्यावरून जातात. तिथे ताण सर्वांत कमी असतो, भोक पाडले तरी तुळईचे फारसे बिघडत नाही.

सॉपविथ कॅमल हे तेव्हाचे नावाजलेले ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या धडाच्या चार लांब दांड्या ॲश लाकडाच्या, पंखांच्या तुळया स्प्रूसच्या आणि सगळ्या सांध्यांवर दुमडलेल्या मऊ पोलादी पत्र्याचे जोडतुकडे. त्यांतून तारा निघत आणि टर्नबकल फिरवून त्या ताणल्या की सगळा सांगाडा ताठ उभा राही. मऊ पोलाद मुद्दाम घेतले जाई. ते थंड असतानाही न तडकता वाकते. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर १९१८ मध्ये सॉपविथच्याच डॉल्फिन विमानातून पश्चिम आघाडीवर लढले आणि त्याच वर्षी जून महिन्यात तिकडेच गेले. त्याच युद्धातले दुसरे भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांचे एसई-५ए विमानदेखील याच लाकूड-तार-पत्र्याच्या बांधणीचे होते.

जर्मनांनी अल्बाट्रॉस विमानांत तारांऐवजी प्लायवूडचे कवच वापरले आणि धडाची ताकद कातडीतच आणली. धड उत्तम झाले. पण डी-३ या प्रकारात खालचा पंख एकाच तुळईवर आणि व्ही आकाराच्या टेकूवर ठेवला होता. वेगात सूर मारताना तो पिळवटे. २४ जानेवारी १९१७ रोजी जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेनच्या विमानाचा खालचा पंख हवेतच तडकला आणि तो कसाबसा उतरला. लाकूड चांगले होते. टेकूचा जोर पंखात ज्या एका जागी उतरत होता ती जागा चुकली होती.

दोन युद्धांमधला काळ मिश्र बांधणीचा. पोलादी नळ्यांचे धड, लाकडी पंख, वर कापड. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ असेच होते. भारतात असंख्य वैमानिकांना ज्याने उडायला शिकवले ते टायगर मॉथही तसेच. हॉकर हरिकेनमध्ये नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी चौकटी आणि पट्ट्या बसवून त्यावर कापड ताणले जाई. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुदलाने हीच विमाने वापरली. त्यांच्या लाकडी भागावर मुख्य भार नव्हता, त्यामुळे सांध्यांचा प्रश्नही सौम्य होता.

दुधापासून राळेपर्यंत

सांध्यांचा इतिहास निम्मा सरसाचा इतिहास आहे. १९३०च्या दशकापर्यंत विमानाचा सरस म्हणजे केसीन, दुधातल्या प्रथिनापासून केलेला. कोरड्या जागी तो पुष्कळ वर्षे टिकतो. ओलीत मात्र मऊ पडतो आणि दमट हवेत त्यावर बुरशी पोसते. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड इथे नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९३७च्या सुमारास एरोलाइट नावाचा युरिया-फॉर्मल्डिहाइड सरस आणला. त्यात राळ एका पृष्ठभागावर लावायची आणि ती घट्ट करणारे आम्ल दुसऱ्यावर. दोन्ही भिडले की क्रिया सुरू. पाणी आणि बुरशी या दोन्हींना तो केसीनपेक्षा कितीतरी चांगला तोंड देई. शिवाय फळ्यांमध्ये थोडी फट राहिली तर ती भरून निघे, आणि मोठ्या संख्येने विमाने बांधायची तर ही सोय फार मोठी होती.

सरस कसा आहे हे ठरवायची चाचणी कुणालाही कळेल इतकी सरळ होती. चिकटवलेला नमुना यंत्रात धरून सांध्यावरच कातरून तोडायचा आणि तुटलेला भाग पाहायचा. त्यावर लाकडाचे तंतू दिसले, म्हणजे लाकूड फाटले आणि सरस धरून राहिला, तर माल पास. सरसाचा चकचकीत थर उघडा पडला तर नापास. असले तुकडे रोज तोडणारे तपासनीस त्या कारखान्यांत वैमानिकांइतकेच महत्त्वाचे होते, असे माझे मत आहे.

मॉस्किटो

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण लाकूड आणि धातू यांची सांगड इतक्या विचारपूर्वक दुसऱ्या कुठल्या युद्धविमानात घातली गेली नाही. डी हॅव्हिलँड कंपनीला बालसा आणि प्लायवूडच्या कवचाचा अनुभव अल्बाट्रॉस नावाच्या प्रवासी विमानात मिळाला होता. जर्मनांच्या अल्बाट्रॉसशी याचा संबंध नाही. रोनाल्ड बिशप यांच्या चमूने सॉल्सबरी हॉलमध्ये बसून आराखडा काढला आणि २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्डहून जेफ्री डी हॅव्हिलँड धाकटे यांनी पहिले विमान उडवले. युद्धात ॲल्युमिनियमवर सगळ्यांची ओढाताण होती. फर्निचरचे कारखाने आणि त्यांचे कसबी सुतार मात्र मोकळे होते. हाय विकम आणि लंडनच्या आसपासच्या खुर्च्या-टेबले करणाऱ्या कारखान्यांनी तुळया, फासळ्या, कवचे तयार केली. पुढे कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही ही विमाने बांधली गेली आणि एकूण संख्या ७,७८१ झाली.

धड दोन अर्धुकांत बने, भुईमुगाच्या शेंगेची टरफले असावीत तशी डावी आणि उजवी. प्रत्येक अर्धुकासाठी आतल्या आकाराचा भरीव साचा असे, आधी महोगनीचा आणि नंतर काँक्रीटचाही. साच्याच्या खाचांत आडव्या चौकटी आणि मजबुतीच्या पट्ट्या आधी बसवत. त्यावर कॅनडाच्या बर्चचे पातळ प्लायवूड, त्यावर इक्वेडोरहून आणलेल्या बालसाचा साधारण एक सेंटीमीटरचा थर, त्यावर पुन्हा बर्च. प्रत्येक थराला सरस लावून रुंद पोलादी पट्टे साच्याभोवती आवळायचे आणि सरस धरेपर्यंत तसेच ठेवायचे. बालसाला स्वतःची ताकद जेमतेम, पण दोन बर्च-कातड्यांना ते ठराविक अंतरावर धरून ठेवते आणि त्या अंतरातूनच कवचाला ताठपणा येतो.

अर्धुके उघडी असतानाच आतल्या तारा, नळ्या, नियंत्रणाच्या दोऱ्या यांचा मोठा भाग बसवून घेत. धातूच्या विमानात हेच काम अरुंद धडात वाकून, एकमेकांच्या अंगावर चढून करावे लागे. सगळे जागेवर बसले की दोन्ही अर्धुके भिडवायची. एका कडेला पाचरीसारखी उंच धार, दुसरीला तिच्या मापाची खोबण. सरस लावून दोन्ही एकमेकींत बसवायच्या आणि सांध्यावरून पट्टी चढवायची.

आता धातू. बालसात स्क्रू धरत नाही; नखाने दाबले तरी त्यात खळगा पडतो. मग आतल्या भिंतीवर उपकरण लावायचे कसे? जिथे जिथे काही अडकवायचे होते तिथे बालसा काढून त्या जागी कठीण लाकडाचे गोल बूच सरसाने बसवले. त्याला प्लायवूडची रुंद कॉलर असे, ती आतल्या कातडीला चिकटे. स्क्रू त्या बुचात बसे आणि त्याची ओढ कॉलरमार्फत कवचावर पसरे. जास्त भार असेल तिथे बालसाऐवजी स्प्रूसचा पट्टाच घालत. स्क्रू पितळी वापरत, कारण पोलादी स्क्रू ओल्या लाकडात गंजतो आणि गंज आजूबाजूचे तंतूही खातो. म्हणजे आधी बालसा, मग कठीण लाकूड आणि शेवटी धातू असा कडकपणा पायरीपायरीने वाढत जाई. मॉस्किटोचे सगळे मर्म मला या एवढ्याशा बुचात दिसते.

पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, १६.५ मीटर. पुढे आणि मागे अशा दोन पेटीसारख्या तुळया. त्यांच्या वरच्या-खालच्या कडा स्प्रूसच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेल्या, बाजू प्लायवूडच्या. एवढ्या लांबीची निर्दोष फळी झाडातून मिळत नाही. म्हणून पट्ट्यांची टोके लांब तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची आणि एका पट्टीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. वरच्या बाजूला प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये पट्ट्या, खालच्या बाजूला एकच थर. उडताना पंखाचा माथा दाबला जातो आणि पोट ताणले जाते. दाबाखाली पिचकू नये म्हणून माथ्याला दुप्पट बंदोबस्त. धडाच्या पोटात पंखाच्या मापाची खाच ठेवलेली असे. धड पंखावर उतरवून चार मुख्य ठिकाणी पोलादी जोडतुकड्यांनी बांधत. मर्लिन इंजिने पोलादी नळ्यांच्या चौकटीवर आणि त्या चौकटी पुढच्या तुळईला बोल्टने जोडलेल्या. उतरतानाचा धक्का झेलायला तेलाच्या नळकांड्यांऐवजी रबराचे ठोकळे एकावर एक रचले होते, त्यामुळे बारीक यंत्रकाम वाचले.

सगळ्या विमानावर बारीक विणीचे सुती कापड चढवून त्याला डोप या रोगणाचे हात देत. मादापोलम हे त्या कापडाचे नाव गोदावरीच्या मुखाकडच्या गावावरून आलेले. कंपनी सरकारच्या काळात तिथून असे कापड परदेशी जाई.

पहिल्याच नमुन्याने सांध्यांची परीक्षा घेतली. फेब्रुवारी १९४१ मध्ये बॉस्कोम डाउनच्या चाचण्यांत खडबडीत जमिनीवर धावताना मागचे चाक अडकले आणि धडाला तडा गेला. दुसऱ्या नमुन्यासाठी तयार असलेले धड आणून चाचण्या पुढे चालू ठेवल्या. कवचाला दारासाठी भोक पाडले की तिथला भार कडेकडेने वळतो. मॉस्किटोच्या उजव्या कुशीवर, पंखाच्या मागे, मजबुतीची एक लांब पट्टी बाहेरूनच दिसते ती यासाठी. हा पहिला नमुना लंडन कॉल्नीच्या संग्रहालयात आजही आहे.

कोलारची हवा

भारतीय वाचकाने या इतिहासातले १९४४ चे पान जास्त काळजीने वाचावे असे मला वाटते, कारण हे विमान इथल्या उन्हात आणि पावसात खऱ्या अर्थाने तपासले गेले. त्या वर्षी ब्रिटिश वायुदलाची ४५, ८२, ८४ आणि ११० क्रमांकाची पथके व्हेन्जन्स ही विमाने सोडून मॉस्किटो घेत होती; येलहंका आणि कोलार इथे त्यांचे शिक्षण चालू होते. काही विमाने हवेतच मोडली. नोव्हेंबरमध्ये आग्नेय आशियातील सगळी मॉस्किटो विमाने जमिनीवर आणली गेली. पंखाच्या वरच्या कातडीचा सरस सुटलेला आढळला. डी हॅव्हिलँडतर्फे हेरवर्ड डी हॅव्हिलँड स्वतः तपासासाठी इथे आले.

पहिला संशय हवामानावर गेला आणि ते साहजिकही होते. गडद रंगाचे पंख दुपारच्या उन्हात तापतात, लाकूड आकसते. पावसात तेच लाकूड फुगते. प्रत्येक वेळी सांध्याला आडवी ओढ बसते. पण पुढच्या तपासात बांधणीचे दोषही उघड झाले. काही पंखांत तुळई आणि कातडी नीट भिडलेलीच नव्हती, फटी राहिल्या होत्या. इंग्लंडच्या थंड हवेत असा सांधा कदाचित निभावला असता. इथे तो उघडा पडला. कातडीच्या जोडावर पुढच्या तुळईच्या बाजूने प्लायवूडची पट्टी चिकटवून पाणी आत जायची वाट बंद करायची, ही दुरुस्ती ठरली. पुढे या भागातल्या विमानांना ऊन परतवणारा चंदेरी रंगही दिला गेला. १९४५ च्या सुरुवातीला पथके पुन्हा ब्रह्मदेशाच्या मोहिमेत उतरली. दोष एकट्या हवामानावर टाकून प्रकरण मिटवता आले असते. पंख उकलून, सांधा सांधा पाहून कारण शोधले गेले, याची दखल घ्यायला हवी.

रशिया आणि जर्मनी

लाकडावर सर्वांत मोठी मदार कुणाची होती, तर सोव्हिएत संघाची. तिथे ॲल्युमिनियमचा तुटवडा होता आणि बर्चची जंगले अफाट होती. बर्चच्या पातळ पापुद्र्यांना फिनॉलिक राळ पाजून दाबून केलेले ‘डेल्टा लाकूड’ लाग-३ या लढाऊ विमानाच्या भाराच्या जागी वापरले. साध्या लाकडापेक्षा ते कठीण आणि आगीला चिवट, त्यामुळे बोल्टचा दाबही जास्त सोसते, पण जडही. लाग-३ जड आणि संथ निघाले तरी साडेसहा हजारांच्या आसपास बांधले गेले. त्याच लाकडी सांगाड्यावर नवे इंजिन बसवून ला-५ झाले आणि ला-७ मध्ये पंखांच्या तुळया धातूच्या करून वजन वाचवले. याक विमानांत धड पोलादी नळ्यांचे आणि पंख लाकडी. १९४३ च्या उन्हाळ्यात, कुर्स्कच्या लढाईच्या तोंडावर, याकच्या पंखांचे आवरण सुटू लागले. रंग-रोगण हवामानाला टिकत नव्हते. स्टालिनने याकचा रचनाकार याकोव्हलेव्ह याला बोलावून जाब विचारला आणि दुरुस्ती-पथके रातोरात आघाडीवर धाडावी लागली. विमाने लढाईपूर्वी सज्ज झाली. पाश्चात्त्य लेखनात मॉस्किटोचे जेवढे कौतुक होते तेवढी दखल या विमानांची घेतली जात नाही, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

जर्मनीची कहाणी छोटी आणि करुण आहे. मॉस्किटोला उत्तर म्हणून फोके-वुल्फने टीए-१५४ हे लाकडी रात्रविमान केले. त्यासाठीचा टेगो नावाचा फिल्मसारखा सरस वुपरटालला बनत असे. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात तो कारखाना गेला. बदली सरस आम्लधर्मी निघाला. तो ज्या लाकडाला धरून होता तेच लाकूड पोखरू लागला. जून १९४४ मध्ये टीए-१५४ विमाने पाठोपाठ कोसळली. हेन्केलच्या एचई-१६२ या लाकडी पंखांच्या जेटचे पहिले उड्डाण ६ डिसेंबर १९४४ रोजी झाले. चारच दिवसांनी, अधिकाऱ्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात पंखाची पुढची कड उकलली आणि वैमानिक गॉटहोल्ड पेटर ठार झाला.

धातूलाच सरस

बोल्टच्या प्रश्नावर खरा तोडगा निघाला तो बोल्टच टाळण्यात. डी ब्रुइन यांनी १९४१ मध्ये रेडक्स हा सरस आणला. धातूवर फिनॉलिक राळेचा हात द्यायचा, त्यावर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची भुकटी पसरायची आणि उष्णता व दाब देऊन पक्के करायचे. राळ धातूला घट्ट धरते पण ठिसूळ असते. भुकटी तिला चिवटपणा देते. भोक नाही, म्हणून तंतू चिरडण्याचा प्रश्न नाही. भार सांध्याच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरतो.

२८ जुलै १९४४ रोजी उडालेल्या डी हॅव्हिलँड हॉर्नेटमध्ये हे तंत्र पुरेपूर उतरले. पंखाचा माथा मॉस्किटोसारखा बर्च प्लायवूडचा दुहेरी, कारण तो दाबला जातो. पोट ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, कारण ते ताणले जाते. तुळईची वरची कड स्प्रूसची, खालची धातूची. लाकूड किंवा धातू असा वाद न घालता प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे काम दिले, आणि दोघांमध्ये रेडक्स. पुढे याच सरसाने धातूला धातू चिकटवून कॉमेट हे जेट प्रवासी विमान बांधले गेले.

व्हँपायर या जेटमध्ये हीच परंपरा आपल्याकडे आली. २० सप्टेंबर १९४३ रोजी पहिल्यांदा उडालेल्या या विमानाचे वैमानिकाकडचे धड मॉस्किटोसारखेच, प्लायवूड-बालसा-प्लायवूडचे. पंख, इंजिनाची जागा आणि मागे जाणाऱ्या दोन्ही दांड्या धातूच्या. भारतीय वायुदलाने ते १९४८ पासून घेतले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने परवान्यावर मोठ्या संख्येने बांधले. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत व्हँपायर विमाने होती. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबवर पाठवलेल्यांपैकी चार परत आली नाहीत. त्यानंतर ती आघाडीवरून मागे घेतली गेली आणि शिकवण्यासाठी वापरात राहिली.

जुनी मॉस्किटो पुन्हा उभी करणाऱ्यांना आज सर्वांत जास्त शोध घ्यावा लागतो तो जोडतुकड्यांचा. उघड्यावर पडलेल्या विमानाचे लाकूड काही वर्षांत कुजते. चिखलातून, शेतातून निघतात ते पोलादी कंस, बोल्ट, बिजागऱ्या आणि इंजिनांच्या चौकटी. कॅनडात बांधलेले केए-११४ हे विमान अल्बर्टातल्या एका शेतावर असेच पडून होते. न्यूझीलंडमध्ये ग्लिन पॉवेल यांनी धडाचे साचे नव्याने घडवले, त्यावर नवी कवचे आधुनिक इपॉक्सी सरसाने चिकटवली आणि वापरण्याजोगे जुने धातूचे भाग तपासून नव्या लाकडात बसवले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये हे विमान ऑकलंडजवळच्या आर्डमोर विमानतळावरून उडाले.